‘राज्याचे हित’ आणि त्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार : लष्करी गुपितांच्या वाच्यतेसंबंधी एक अर्थविचार

१

गतवर्षी एम्. ए. च्या वर्गास अर्थविचार शिकवीत असता प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांपुढे एक साधा प्रश्न ठेवला. संरक्षण खात्यातील एखादा अधिकारी आपल्या हाती आलेले गोपनीय कागद वरिष्ठांच्या अनुज्ञेवाचून बाहेर देतो. त्यास मराठीत काय म्हणावे? उत्तरे भराभर आली, परंतु त्यांचा परस्परांशी मेळ बसेना. कोणी ‘फितूर’ म्हटले, कोणी ‘घरभेदी’. एकाने ‘चहाडखोर’ हा शब्द सुचविला. आणि वृत्तपत्रे नित्य वाचणाऱ्या एका विद्यार्थिनीने ‘जागल्या’ हा अलीकडे ह्या अर्थी रूढ होऊ लागलेला शब्द पुढे केला. एकाच कृतीस इतके परस्परविरोधी शब्द सापडतात ह्याचे कारण भाषेचे दारिद्र्य नव्हे. त्या कृतीविषयी समाजाचा निर्णय अजून झालेला नाही, हे त्याचे कारण होय.

तथापि हे शब्द नुसते निंदेचे वा स्तुतीचे आहेत असे समजून ते बाजूस सारणे बरे नाही. त्यांची कारकव्यवस्था तपासली असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. ‘फितूर होणे’ ह्या प्रयोगास कोणाला तरी फितूर होणे अभिप्रेत असते. समोर दुसरा पक्ष, बहुधा शत्रुपक्ष, असल्यावाचून तो शब्द सार्थ होत नाही. ‘भेद देणे’ ह्याचेही तसेच. ‘चहाडी’ वरिष्ठाजवळ करावयाची असते, आणि ती दुसऱ्याच्या दोषाची असते. ‘जागल्या’ हा गावगाड्यातील रात्रीचा राखणदार. त्याची हाक साऱ्या गावासाठी असते. म्हणजे ह्या चारही शब्दांत सांगणारा तोच, सांगितलेली गोष्टही कदाचित तीच. बदलते ते संप्रदान. गोष्ट कोणाला सांगितली ह्यावरून भाषा त्या कृतीची जात ठरविते. ‘गुपित फोडणे’ हा वृत्तपत्रांतील आवडता प्रयोग मात्र संप्रदानाची जागाच रिकामी ठेवतो, आणि म्हणूनच त्याच्या योगाने नैतिक निर्णय करणे कठीण जाते.

आपल्या परंपरेनेही हा भेद ओळखलेला आहे. बिभीषणाने आपले मत आधी रावणाच्या सभेत मांडले, तेथून तिरस्कृत झाल्यावर तो रामाकडे गेला आणि लंकेचे बलाबल त्याने युद्धास सज्ज झालेल्या पक्षास सांगितले. चिरंजीवांत त्याची गणना होते आणि तरीही ‘घरभेदी’ हा शब्द त्याला चिकटून राहिलेला आहे. विदुराची गोष्ट निराळी. वारणावतातील जातुषगृहाचा बेत त्याने युधिष्ठिरास इतरांना न कळणाऱ्या भाषेत सूचित केला. ज्यांच्या जिवावर तो बेत उठला होता त्यांनाच त्याने सावध केले. विदुरास कोणी फितूर म्हटल्याचे ऐकिवात नाही.

लष्करी गुपितांसंबंधीच्या कायद्याचे विवेचनही वस्तुतः ह्याच प्रश्नाभोवती फिरते. सांगणारा कोणास सांगण्यास बांधलेला आहे, आणि ते बंधन कोण ठरवितो? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार मुख्यतः १९८५ साली लंडनमध्ये चाललेल्या एका खटल्याच्या आधारे करावयाचा आहे. त्या खटल्यात वस्तुस्थितीविषयी फारसा वाद नव्हता. वाद होता तो दोन शब्दांच्या अर्थाविषयी.

२

२ मे १९८२ रोजी, फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना ह्यांच्यात संघर्ष चालू असता, ‘काँकरर’ ह्या ब्रिटिश पाणबुडीने ‘जनरल बेलग्रानो’ ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडविली. तीत ३२३ माणसे मृत्युमुखी पडली. ही नौका ब्रिटनने बेटांभोवती जाहीर केलेल्या दोनशे सागरी मैलांच्या निषिद्ध क्षेत्राबाहेर होती. संसदेस प्रथम असे सांगण्यात आले की नौका त्याच दिवशी दृष्टीस पडली आणि ती ब्रिटिश आरमाराच्या रोखाने येत होती. प्रत्यक्षात पाणबुडीस तिचा सुगावा आदल्याच दिवशी लागला होता, आणि बुडविण्यापूर्वी काही तास तिने दिशा बदलून आपल्या किनाऱ्याचा मार्ग धरला होता.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. नौका परत फिरली होती एवढ्यावरून तिला बुडविणे अन्याय्य होते असे सिद्ध होत नाही. युद्धनौका आपली दिशा पुन्हा केव्हाही बदलू शकते. निषिद्ध क्षेत्राबाहेरही आपण कारवाई करू अशी सूचना ब्रिटनने एप्रिलमध्येच दिलेली होती. आणि त्या नौकेचे कप्तान एक्तोर बोन्सो ह्यांनीही पुढे २००३ साली ती कारवाई युद्धाच्या मर्यादेतील होती असेच मत दिले. प्रश्न होता तो इतकाच : घडलेली गोष्ट लोकप्रतिनिधींस घडली तशी सांगितली गेली की नाही? कृतीचे समर्थन आणि कृतीविषयीचे कथन ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या एक मानल्यामुळेच ह्या विषयावरील पुष्कळशी चर्चा निष्फळ होते. कृती समर्थनीय असेल तर लपविण्याचे कारण उरत नाही. ती समर्थनीय नसेल तर लपविण्याचा अधिकार उरत नाही.

क्लाइव्ह पाँटिंग हे संरक्षण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी. १९८४ च्या मार्चमध्ये बेलग्रानोसंबंधीच्या सर्व घटनांचा कालानुक्रम तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. मजूर पक्षाचे सभासद टॅम डॅलियल हे संसदेत ह्या प्रकरणी सातत्याने प्रश्न विचारीत होते. त्यांस खरी उत्तरे द्यावीत असे पाँटिंग ह्यांचे मत पडले. मंत्र्यांचा कल दुसरीकडे होता. त्या वर्षीच्या जुलैमध्ये पाँटिंग ह्यांनी दोन कागद निनावी टपालाने डॅलियल ह्यांस पाठविले. ते कागद पाणबुडीच्या हालचालींचे वा संकेतलिपीचे नव्हते. संसदेस काय सांगावे आणि काय सांगू नये ह्या विचारविनिमयाचे होते. डॅलियल ह्यांनी ते संसदेच्या परराष्ट्रव्यवहार समितीच्या अध्यक्षांकडे दिले, आणि अध्यक्षांनी ते संरक्षण मंत्रालयास परत केले. अशा रीतीने ते गुपित संसदेच्या दारापर्यंत जाऊन पुन्हा ज्या घरातून निघाले होते तेथेच आले. ऑगस्टमध्ये पाँटिंग ह्यांच्यावर १९११ च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या दुसऱ्या कलमाखाली आरोप ठेवण्यात आला.

ह्या अधिनियमाचा जन्मही अर्थपूर्ण आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये, जर्मन हेरांच्या भीतीचे वातावरण असता, कॉमन्स सभागृहाने तो एका दुपारी तासाभराच्या आतच संमत केला. हेरांसाठी पहिले कलम होते. दुसऱ्या कलमाने मात्र कोणत्याही शासकीय सेवकाने कोणतीही शासकीय माहिती अनधिकृतपणे सांगणे हा गुन्हा ठरविला. एकाच अधिनियमात हेर आणि बोलका कारकून असे शेजारी येऊन बसले. ‘फितूर’ आणि ‘जागल्या’ हे शब्द एकमेकांत मिसळण्यास वर्तमानपत्री गोंधळाइतकीच ही कलमांची मांडणीही कारणीभूत आहे.

३

दुसऱ्या कलमात एक अपवाद होता. माहिती देण्याचा ज्यास अधिकार आहे अशा व्यक्तीस, किंवा राज्याच्या हितार्थ जिला ती देणे हे सेवकाचे कर्तव्य आहे अशा व्यक्तीस, ती दिली असता गुन्हा घडत नसे. म्हणजे कायद्यानेही संप्रदानाचाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तरासाठी दोन शब्दांकडे बोट दाखविले होते : ‘कर्तव्य’ आणि ‘राज्याचे हित’. संसदेची दिशाभूल होत असता संसदेच्या सभासदास सत्य कळविणे हे राज्याच्या हितार्थ आपले कर्तव्यच होते, असा पाँटिंग ह्यांचा बचाव होता. ह्या प्रकटीकरणाने राष्ट्राच्या सुरक्षिततेस धोका पोहोचला असे अभियोगपक्षाचेही म्हणणे नव्हते.

न्यायाधीश मॅकॉवन ह्यांनी ज्यूरीस दोन्ही शब्दांचे अर्थ सांगितले. कर्तव्य म्हणजे पदामुळे अंगावर आलेले कर्तव्य, नैतिक कर्तव्य नव्हे. आणि राज्याचे हित म्हणजे तत्कालीन शासन जे धोरण ठरवील त्यात सामावलेले हित. ह्या दोन अर्थांनंतर अपवादात काय शिल्लक राहते ते पाहू. वरिष्ठांनी जे सांगण्यास सांगितले ते सांगणे हे कर्तव्य, आणि शासनास जे हवे ते राज्याचे हित. म्हणजे शासनाच्या इच्छेनुसार शासनाने नेमलेल्या माणसास माहिती दिली असता गुन्हा नाही. परंतु ‘ज्यास अधिकार आहे अशा व्यक्तीस’ ह्या पूर्वार्धात हे सर्व आधीच आलेले आहे. उत्तरार्ध निव्वळ द्विरुक्ती ठरतो. कायद्याच्या वाक्यातील कोणताही शब्द निरर्थक मानू नये हा विधिज्ञांचा संकेत आणि भिन्न शब्दांस भिन्न प्रयोजन असते ही आपल्या शास्त्राची धारणा, दोन्ही येथे बाधित होतात.

‘कर्तव्य’ ह्या शब्दाविषयी मराठी अभ्यासकास आणखी एक गोष्ट सांगता येईल. ‘तव्य’ प्रत्ययान्त हे रूप ‘जे केले पाहिजे ते’ असा अर्थ देते. ‘कोणी सांगितले म्हणून’ हा भाग त्यात नाही. नेमून दिलेल्या कामास आपण ‘काम’, ‘कामगिरी’ किंवा ‘हुकूम’ म्हणतो. कारकुनाचे काम आणि कारकुनाचे कर्तव्य हे बहुधा एकच असते, आणि म्हणून त्यांतील अंतर विसरले जाते. ते दुभंगतात त्या दिवशी कोणत्या शब्दाला चिकटावे हा प्रश्न उभा राहतो. इंग्रजी शब्दात दोन्ही छटा नांदतात. न्यायाधीशांनी त्यांपैकी एक निवडली.

‘राज्य’ ह्या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. मॅकॉवन ह्यांचा अर्थ निराधार नव्हता. अणुशस्त्रांच्या निषेधार्थ वेदर्सफील्ड येथील विमानतळावर निदर्शने योजणाऱ्यांच्या खटल्यात, १९६२ साली, लॉर्ड्सच्या न्यायपीठाने राज्याचे हित म्हणजे अधिकृत शासनसंस्थांनी ठरविलेल्या धोरणांनुसार होणारे हित असे म्हटले होते. परंतु त्याच निर्णयात लॉर्ड रीड ह्यांनी हा शब्द सोपा नाही, त्याचा अर्थ शासन किंवा कार्यकारी मंडळ असा होत नाही, आणि संघटित समाज हा त्यातल्या त्यात जवळचा अर्थ होय, अशा आशयाचे विवेचन केलेले आहे. सैन्य कोठे ठेवावे हे शासन ठरवील, ह्याविषयी दुमत नाही. पण संसदेस सत्य न सांगणे ह्यालाही राज्याचे धोरण म्हणावयाचे काय? ‘राज्य’ ह्या पदाचा निर्देश मंत्रिमंडळाकडे असेल तर उत्तर होकारार्थी येते; संघटित समाजाकडे असेल तर संसदेस अंधारात ठेवणारा मंत्रीच राज्यहिताच्या आड येतो. आपल्या भाषेत देश, राष्ट्र, राज्य, शासन, सरकार असे पाच शब्द आहेत. ते आपण सैलपणे वापरतो, तरीही ‘सरकार पडले’ ह्याचा अर्थ ‘राष्ट्र पडले’ असा कोणी करीत नाही.

शब्दाचा अर्थ न्यायासनावरून सांगितला जाणे आणि त्यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असणे हा अनुभव मराठी वाचकास नवा नाही. १८९७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची ह्यांनी दंडसंहितेच्या १२४-अ कलमातील ‘अप्रीती’वाचक इंग्रजी शब्दाचा अर्थ केवळ प्रीतीचा अभाव असा सांगितला. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपीय सभासदांनी दोषी आणि तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष असे मत दिले, आणि टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शासनाविषयी प्रेम न वाटणे हाच द्रोह आणि शासनाचे धोरण हेच राज्याचे हित, ह्या दोन व्याख्यांची घडण एकच आहे. दोहोंतही शासन आणि त्याहून व्यापक असे काही ह्यांमधील अंतर शब्दार्थाच्या बळावर मिटविलेले आहे. फरक निकालात पडला. ११ फेब्रुवारी १९८५ रोजी लंडनच्या ज्यूरीने न्यायाधीशांनी सांगितलेला अर्थ ऐकूनही पाँटिंग ह्यांस दोषमुक्त केले.

ह्यानंतर जे घडले ते दोन्ही ठिकाणी उद्बोधक आहे. १८९८ साली ते कलम दुरुस्त करून अप्रीतीत द्रोहबुद्धी आणि सर्व प्रकारच्या शत्रुभावना समाविष्ट केल्या गेल्या. १९८९ साली ब्रिटिश संसदेने नवा अधिनियम करून जुने दुसरे कलम काढून टाकले. माहितीचे क्षेत्र त्याने पुष्कळ आकुंचित केले, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु ‘राज्याच्या हितार्थ’ हा अपवाद नाहीसा झाला, आणि ‘कर्तव्य’ ह्या शब्दामागे ‘अधिकृत’ हे विशेषण लावण्यात आले. न्यायाधीशांचा जो अर्थ ज्यूरीने मानला नव्हता तो विधिमंडळाने एका विशेषणाने कायम केला. लोकहिताचा बचाव ह्या अधिनियमाखाली उपलब्ध नाही, हे २००२ साली शेलर खटल्यात लॉर्ड्सच्या न्यायपीठाने स्पष्टच सांगितले. १९११ चा अधिनियम २०२३ च्या राष्ट्रीय सुरक्षा अधिनियमाने निरस्त झाला आहे. १९८९ च्या अधिनियमातील ते विशेषण मात्र टिकून आहे.

४

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. राज्याच्या हिताचा अर्थ शासनाने ठरवू नये म्हणता, तर तो कोणी ठरवावा? प्रत्येक लेखनिकाने आणि प्रत्येक शिपायाने आपापल्या सदसद्विवेकानुसार? निवडून आलेल्या शासनास लोक पदच्युत करू शकतात. अंधारात कागद उचलणाऱ्या अधिकाऱ्यास कोणी निवडलेले नसते. शिवाय लष्करी माहितीची गोष्ट इतर माहितीसारखी नाही. चुकीच्या हाती गेलेल्या एका ओळीने सैनिकांचे प्राण जाऊ शकतात, आणि ती ओळ कोणती हे सांगणाऱ्यास नेहमीच उमगते असे नाही.

आक्षेपात तथ्य आहे, ह्याचा प्रत्यय चेल्सी मॅनिंग ह्यांच्या प्रकरणात येतो. इराकमध्ये नेमणुकीवर असता त्यांनी सात लाखांहून अधिक कागदपत्रे विकिलीक्सकडे पाठविली. त्यांत १२ जुलै २००७ रोजी बगदादमध्ये अमेरिकन हेलिकॉप्टरातून झालेल्या गोळीबाराचे चित्रण होते. त्या गोळीबारात रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारीही ठार झाले होते. वृत्तसंस्थेने कायदेशीर मार्गाने मागूनही ते चित्रण तिला मिळालेले नव्हते. ज्यांचे आप्त आणि सहकारी गेले त्यांस ते कसे गेले हे कळणे, ह्या अंगाने पाहता चित्रणाचे प्रकटीकरण विदुराच्या बाजूचे ठरते. परंतु सात लाख कागद कोणी एक व्यक्ती वाचून, तोलून, निवडून देऊ शकत नाही. तेथे संप्रदान ‘जो कोणी वाचील तो’ असे होते आणि देणाऱ्यास आपण काय देत आहोत हेही पुरते ठाऊक नसते. एकाच व्यक्तीच्या ह्या दोन कृती आहेत, आणि ‘फितूर’ वा ‘जागल्या’ ह्यांपैकी एकच शब्द दोहोंवर घालणे हे विवेचन टाळण्यासारखे आहे.

प्रकाशकांच्या भाषेचीही येथे चिकित्सा केली पाहिजे. ५ एप्रिल २०१० रोजी ते चित्रण प्रसिद्ध करताना विकिलीक्सने त्यास ‘कोलॅटरल मर्डर’ असे नाव दिले. निरपराधांच्या मृत्यूस ‘आनुषंगिक हानी’ म्हणण्याच्या लष्करी परिभाषेचा उपहास त्यात आहे, आणि तो उपहास अनाठायी नाही. परंतु ‘हानी’ हा शब्द जसा प्रश्न दडपतो तसा ‘खून’ हा शब्द निर्णय आधीच देऊन टाकतो. लोकांनी स्वतः पाहून ठरवावे म्हणून जे प्रकट केले, त्याच्या शीर्षकातच लोकांचा निर्णय लिहून ठेवणे हे विसंगत होय. अर्थ ठरविण्याचा मक्ता शासनाने घेऊ नये असे म्हणणाऱ्यांनी तो स्वतःही घेऊ नये.

उलट बाजूस डॅनियल एल्सबर्ग ह्यांचे उदाहरण आहे. व्हिएतनाम युद्धासंबंधीचा सुमारे सात हजार पृष्ठांचा गोपनीय अहवाल त्यांनी बाहेर दिला आणि १३ जून १९७१ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो छापण्यास आरंभ केला. ह्या अहवालाचे वाटाघाटींविषयीचे चार खंड मात्र त्यांनी वृत्तपत्रांस दिले नाहीत; चालू असलेल्या तडजोडीस बाध येऊ नये हा त्यामागील हेतू. एवढ्या मोठ्या संग्रहातूनही निवड करणे शक्य असते, आणि जो निवड करतो त्याला आपण कोणास काय सांगत आहोत ह्याचे भान असते, हे ह्यावरून दिसते. पुढे एल्सबर्ग स्वतःहून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले. त्यांच्या खटल्यात, हे कागद आपण का उतरवून घेतले, हा प्रश्न त्यांच्याच वकिलाने विचारला असता तो अप्रस्तुत ठरविण्यात आला. अखेर ११ मे १९७३ रोजी खटला निकालात निघाला तो शासनाच्याच गैरवर्तनामुळे. ‘का’ ह्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने ऐकलेच नाही.

आक्षेपाचे उत्तर ह्या शेवटच्या गोष्टीतच आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. अर्थ शासनाने एकट्याने ठरवू नये, तसा तो प्रकट करणाऱ्यानेही एकट्याने ठरवू नये. तो दोघांच्या पलीकडील तिसऱ्याने, उभय पक्षांचे ऐकून, ठरवावा. पाँटिंग ह्यांनी ज्यूरीपुढे मागितले ते एवढेच. सदसद्विवेकाची हाक आली म्हणून शिक्षा माफ व्हावी असे म्हणणे निराळे, आणि ती हाक कशाची होती हे न्यायालयास सांगू द्यावे असे म्हणणे निराळे. पहिले मान्य करता येत नाही. दुसरे नाकारले तर खटला हा खटला राहत नाही, ती केवळ कागद कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला ह्याची नोंद होते.

५

शिक्षेचा विचार करताना तीन प्रश्न विचारता येतील. माहिती कोणास दिली : शत्रूस, गिऱ्हाइकास, की ज्यांच्यापासून ती लपविणे अनुचित होते त्यांस? माहिती कशाची होती : सैन्याच्या पुढील हालचालींची, की झालेल्या गोष्टीच्या असत्य कथनाची? आणि प्रमाण काय : जेवढे सांगणे अवश्य होते तेवढेच सांगितले, की हाती लागले ते सर्व दिले? मॅनिंग ह्यांच्या लष्करी न्यायालयाने ३० जुलै २०१३ रोजी त्यांस शत्रूस साहाय्य केल्याच्या आरोपातून मुक्त केले, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे महत्त्व ओळखले. जगापुढे मांडलेली गोष्ट शत्रूही वाचतो म्हणून ती शत्रूस दिली असे मानले असते, तर कोणतेही वृत्तपत्र त्या आरोपातून सुटले नसते. तथापि इतर आरोपांवर पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनी ती कमी केली, आणि मे महिन्यात मॅनिंग मुक्त झाल्या. न्यायालयास जे तारतम्य दाखविता आले नाही ते दयेच्या अधिकाराने दाखवावे लागले, ही कायद्यातील उणीव होय.

आमच्या विषयाच्या अभ्यासकांस कॅथरिन गन ह्यांचे प्रकरण विशेष जवळचे वाटेल, कारण त्या भाषांतरकार होत्या. ब्रिटनच्या चेल्टनम येथील गुप्तवार्ता केंद्रात चिनी भाषेचे काम करीत. इराक युद्धाच्या तोंडावर, सुरक्षा परिषदेतील अंगोला, कॅमेरून, चिली, बल्गेरिया, गिनी आणि पाकिस्तान ह्या सहा देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवण्यास साहाय्य मागणारा अमेरिकेचा ३१ जानेवारी २००३ चा संदेश त्यांच्या पाहण्यात आला. तो एकच कागद त्यांनी बाहेर दिला. ‘ऑब्झर्व्हर’ने २ मार्च रोजी तो छापला, छापताना कार्यालयातील सवयीने अमेरिकन वर्णलेखनाऐवजी ब्रिटिश वर्णलेखन पडले, आणि तेवढ्यावरून तो कागद बनावट असल्याची शंका घेतली गेली. कागद खराच होता. भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी ही घटना आहे : मूळ पाठात केलेली निरुपद्रवी सुधारणाही सत्याच्या साक्षीला बाध आणू शकते. गन ह्यांनी कृती मान्य केली. १९८९ च्या अधिनियमाखाली त्यांच्यावर आरोप ठेवला गेला, आणि २५ फेब्रुवारी २००४ रोजी अभियोगपक्षाने पुरावाच सादर केला नाही. बचावपक्षाने तत्पूर्वी युद्धाच्या वैधतेविषयी शासनास मिळालेला विधिविषयक सल्ला मागितला होता. गन सुटल्या; परंतु त्यांची कृती योग्य होती की अयोग्य, हे न्यायालयाने सांगितले नाही. मौन राखून दिलेल्या सुटकेपेक्षा कारणे देऊन दिलेली सौम्य शिक्षाही समाजास अधिक उपयोगाची झाली असती, असे म्हणावेसे वाटते.

हा सर्व विचार परदेशाचा म्हणून सोडून देता येत नाही, ह्याचे कारण आपल्याच कायद्याच्या पुस्तकात आहे. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम हा १९११ च्या ब्रिटिश अधिनियमाच्या धर्तीवर झाला. त्याच्या पाचव्या कलमात, अधिकृत व्यक्ती, न्यायालय, आणि राज्याच्या हितार्थ जिला माहिती देणे कर्तव्य आहे अशी व्यक्ती, ह्यांस दिलेली माहिती गुन्ह्यातून वगळलेली आहे. ज्या शब्दांवर पाँटिंग ह्यांचा खटला लढला गेला ते शब्द ब्रिटनने आपल्या कायद्यातून काढून टाकले. भारताच्या कायद्यात ते आहेत, आणि तेथे ‘कर्तव्य’ ह्या शब्दामागे ‘अधिकृत’ हे विशेषण नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने आठव्या कलमात, प्रकटीकरणातील लोकहित हानीहून अधिक असेल तर शासकीय गुपिते अधिनियमाची आडकाठी न मानता माहिती देता येईल, असे म्हटले आहे. लोकहित आणि शासनाची इच्छा ह्या दोन गोष्टी आहेत, हे ह्या वाक्याने गृहीत धरले. राफेल विमानखरेदीच्या प्रकरणात वृत्तपत्रांत आलेले संरक्षण मंत्रालयाचे कागद विचारात घेऊ नयेत, हा केंद्र शासनाचा प्राथमिक आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी फेटाळला. आणि त्याच न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी पुनर्विलोकनाचे अर्ज गुणावगुणांवर नामंजूर केले. कागद पाहणे म्हणजे कागद आणणाऱ्याचे म्हणणे मान्य करणे नव्हे, हे बेलग्रानोच्या निमित्ताने केलेले विधान येथेही खरे ठरते. मात्र त्या प्रकरणात प्रश्न कागद विचारात घेण्याचा होता, कागद देणाऱ्याच्या शिक्षेचा नव्हता.

पुन्हा वर्गातील प्रश्नाकडे येऊन हे विवेचन संपवितो. ‘जागल्या’ हा शब्द सुचविणाऱ्या विद्यार्थिनीस तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते. तो शब्द चांगला आहे, परंतु त्याला एक मर्यादा आहे. गावाचा जागल्या बाहेरून येणाऱ्या चोरासाठी नेमलेला असे. पाटलाच्याच वाड्यात काही घडत असेल तर त्याने कोणास हाक द्यावी, हे गावगाड्याने सांगून ठेवलेले नव्हते. नव्या अर्थाने हा शब्द वापरताना आपण नेमकी तीच न सांगितलेली गोष्ट त्याच्यावर सोपवीत असतो. तेव्हा शब्द रूढ झाला म्हणजे प्रश्न सुटला असे मानू नये. पाचव्या कलमातील ‘कर्तव्य’ आणि ‘राज्याचे हित’ ह्या पदांचा अर्थ विधिज्ञ त्यांच्या रीतीने करतील. भाषेच्या अभ्यासकांनी निदान एवढे दाखवून द्यावे की ‘राज्य’ आणि ‘शासन’ हे मराठीत आणि व्यवहारात दोन शब्द आहेत, आणि ते एक करावयाचे असतील तर तसे करणाऱ्याने कारण दिले पाहिजे.